म्हणे, गाडी भंगारात घाला!

जुन्या गाडीला नावं ठेवायचा आता रिवाजच पडला आहे. माझ्याकडं 2003 सालची मारुती व्हॅन आहे, ओम्नी. 2009 मध्ये फलटणच्या एका मास्तरांकडून घेतली आणि तेव्हापासून आमच्या वस्तीवर लिंबाखाली उभी असते. बाजार, दवाखाना, म्हसवडची यात्रा, पाहुण्यांची मयतं, लग्नाची वऱ्हाडं, सगळं तिनं केलं. 2012-13 च्या दुष्काळात आमची जनावरं छावणीत आणि घरात प्यायला थेंब नाही, तेव्हा मागची सीट काढून 35 लिटरचे 6 कॅन रोज तिच्यातून आणले. म्हणजे 200 किलोच्या वर नुसतं पाणीच. तरीही येणारा-जाणारा आधी तिचं वय विचारतो. वय सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "आता भंगारात घाला ही. कुठंतरी रस्त्यात दगा देईल."

या दगा शब्दाची मला चीड आहे. दगा माणूस देतो. लोखंड दगा देत नाही. ते महिना महिना आधी सांगत असतं. घरघर करून सांगतं, गरम होऊन सांगतं, तेल गाळून सांगतं. ऐकायला कान नसला की मग गाडीच्या नावानं बोंब.

माझा पुण्याचा भाचा तर कायदाच घेऊन आला. म्हणाला, "मामा, पंधरा वर्षांवरची गाडी रस्त्यावर आणणं आता गुन्हा आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?" मी कपाटातून कागद काढून त्याच्यापुढं टाकले. 2021 मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्या मोडीत काढायचं धोरण आणलं, हे खरं. पण खाजगी गाडी 15 वर्षांची झाली की नोंदणीची मुदत संपते, गाडी तपासून घ्यायची, फी आणि पर्यावरण कर भरायचा, पुढं 5 वर्षांसाठी नोंदणी मिळते. नापास झाली तर मोडीत. आपल्याकडं असा हिशेब आहे. वयावरून सरसकट बंदीचा दंडक दिल्लीकडचा, तिथल्या हवेमुळं आलेला. माझी गाडी 2018 ला पास झाली, 2023 ला पास झाली. एप्रिल 2022 पासून फेरनोंदणीची फी 600 रुपयांवरून 5000 झाली, तीही मी भरली. भाच्यानं कागद वाचले आणि म्हणाला, "तरी पण मामा..." या 'तरी पण'चंच उत्तर मला द्यायचं आहे.

धुराबद्दल कुणी बोललं तर मी ऐकून घेतो. त्यात तथ्य आहे. शहरात एका चौकात हजार गाड्या उभ्या असतात, तिथं जुन्या इंजिनाचा धूर लेकराबाळांच्या छातीत जातो. पण माझ्या गाडीला 'धोक्याची' म्हणतात ते धुरामुळं नव्हे. चाक निखळेल, घाटात थांबेल, माणसं मरतील, असं म्हणायचं असतं. मग चाक कशामुळं निखळतं ते तरी माहीत पाहिजे की नको?

आमच्या लहानपणी घरी बैलगाडी होती. तिचा आख जागचा हलायचा नाही. चाकं त्याच्या टोकांवर फिरायची, सगळं वजन आखावर. चाक निसटू नये म्हणून टोकाला खीळ. गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. लांबच्या वाटेला निघताना वडील आधी खीळ बघायचे, मग नळकांड्यात बोट घालून वंगण बघायचे, आणि मगच बैल जुंपायचे. बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा पाहिजेत का नकोत, हा विचार त्यानंतरचा.

मालट्रकचं मागचं चाक या आखाच्या चालीवर चालतं. ट्रकचं वजन हौसिंगवर, म्हणजे बाहेरच्या जाड लोखंडी नळीवर असतं. आतला एक्सल नुसता चाक फिरवायचं काम करतो. म्हणून ट्रकचा एक्सल तुटला तरी चाक जागेवर राहतं. ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला चाक न खोलता तुटका एक्सल ओढून काढतो आणि नवा घालतो. आमच्या व्हॅनचं तसं नाही. हिचा एक्सल फिरतो पण आणि वजन पण उचलतो. चाकाचे नट थेट एक्सलच्या चकतीवर आवळलेले. एक्सल हौसिंगच्या तोंडाशी एका बेरिंगमध्ये बसलेला. ते बेरिंग शाफ्टवर दाबून बसवलेलं, आणि ते सरकू नये म्हणून त्याच्या आतल्या अंगाला एक लोखंडी रिंग दाबलेली. बैलगाडीच्या खिळीचं काम इथं ही रिंग करते. बेरिंग खलास होऊन जाम झालं, रिंग शाफ्टवर फिरायला लागली, की चाक, ड्रम आणि एक्सल असा सगळा गाडा हौसिंगमधून बाहेर चालायला लागतो. चालत्या गाडीतून. यालाच लोक म्हणतात, "अचानक चाक निघालं."

अचानक काय निघतंय!

आमच्या भागात एक वडापची व्हॅन होती. आठ माणसांची गाडी आणि आत पंधरा माणसं, वर खुरप्यांची गठुडी. शेतमजूर बाया पहाटे घेऊन जायची, संध्याकाळी आणून सोडायची. मी त्या पोराला स्टँडवर एकदा सांगितलं होतं, "आरं, तुझं मागचं डावं चाक आतून ओलं दिसतंय. गिअर ऑइलचा वास येतोय. बघून घे." तो म्हणाला, "व्हतंय काय त्येला, मामा. म्हयनाभर तसंच हाय." हे बोलणं झाल्यावर तीन आठवड्यांनी ओढ्याच्या उतारावर चाक बाहेर आलं आणि गाडी कडेच्या चारीत कलंडली. एका बाईचा हात दोन ठिकाणी मोडला. तिच्या घरात खुरपणीची तेवढीच मजुरी येत होती. ती पुढचे सहा महिने बंद.

मी गाडी बघायला गेलो. रिंग शाफ्टवर फिरून फिरून निळी पडली होती. लोखंड निळं पडायला किती ताप लागतो ते लोहाराच्या भात्याजवळ बसलेल्या माणसाला विचारा. ब्रेकचे लायनर तेलात भिजून काळे. म्हणजे त्या चाकाचा ब्रेकही कधीचा मेलेला. आणि तिथं जमलेली माणसं काय बोलत होती? तिठ्यावर उतारा ओलांडला म्हणे. शनिवारी लिंबू-मिरची बदलली नव्हती म्हणे. दुसऱ्या दिवशी गाडीवरून कोंबडा उतरून टाकला. कोंबड्याला पैसे निघाले, साध्या ऑइल सीलला महिनाभर निघाले नाहीत. देवाला मीही मानतो. म्हसवडच्या सिद्धनाथाला गाडीसकट जाऊन नारळ फोडतो. पण नारळाच्या पाण्यानं बेरिंगला वंगण होत नाही, हे आपल्या माणसांना कधी कळायचं?

शहरातली माणसं हे ऐकून खूश होतील की बघा, खेड्यातली माणसं अडाणी. त्यांच्याकडं मी येतोच आहे. पण मधे गॅरेजवाल्यांचं बोलून घेतो.

माझ्या गाडीचं उजव्या बाजूचं ऑइल सील एका पावसाळ्यात गळायला लागलं. तालुक्याच्या ठिकाणी एका गॅरेजात बदललं. पंधरा दिवसांत पुन्हा गळती. पुन्हा बदललं. पुन्हा गळती, आणि आता दोन्ही बाजूंनी. तिसऱ्या वेळेला गॅरेजवाला हात पुसत म्हणाला, "आता गाडीचं वयच झालंय. विकून टाका." तीन वेळचे पैसे घेतल्यावर त्याला गाडीचं वय दिसलं!

मी घरी आणून गाडीखाली गोणपाट टाकून आडवा झालो. हौसिंगच्या वरच्या अंगाला एक टोपीसारखं बारकं नळकं असतं, ब्रीदर म्हणतात त्याला. चालताना आतलं तेल तापतं, हवा फुगते, ती हवा तिथून बाहेर पडते. माझ्या गाडीचा ब्रीदर शेताच्या वाटेच्या काळ्या चिखलानं लिंपून गेला होता आणि तो चिखल वाळून विटेसारखा झाला होता. कुकरची शिट्टी बुजली तर वाफ कुठून जाईल? जिथं वाट सापडेल तिथून. इथं तिला सीलच्या ओठाची वाट सापडली, जाताना ती तेल घेऊन गेली. तारेनं चिखल कोरला, रॉकेलनं धुतला, फुंकर मारून बघितली. नंतर एकदाच सील बदललं. त्याला आता सहा वर्षं झाली. घरात कुकर वापरणाऱ्या कुठल्याही बाईला हे दोन मिनिटांत समजलं असतं. गॅरेजात मात्र जुन्या गाडीवर सगळं खापर फोडायची सोय असते. गाडी नवी असती तर त्यानं कारण शोधलं असतं, जुनी आहे म्हटल्यावर कारण आयतं मिळालं.

बेरिंगाचंही तसंच. ते प्रेसवर दाबून बसवायचं असतं. कित्येक ठिकाणी घणानं ठोकून बसवतात. ठोका बाहेरच्या कड्यावर पडला की त्याचा मार आतल्या गोळ्यांना बसतो, त्यांच्या वाटेवर बारीक खळगे पडतात. त्या दिवशी काही कळत नाही. सहा-आठ महिन्यांनी घरघर सुरू होते. जुनी रिंग पुन्हा वापरतात, ते आणखी वाईट. एकदा निघालेली रिंग सैल झालेली असते, ती पुन्हा घालायचीच नाही. आणि दुकानात गेलं की, "ओरिजनल देऊ का लोकल देऊ?" असं विचारतात. दोन-तीनशे रुपये वाचवायला माणूस लोकल घेतो, आणि संध्याकाळी हॉटेलात तेवढ्याचं मटण खाऊन येतो. माझं मटणाशी काही भांडण नाही.

आता शहरातल्या मंडळींकडं येतो. तुमची गाडी नवी, झकपक, दार लावलं की आवाज येत नाही. छान आहे. पण तिच्यात स्टेपनी आहे का, ते तुम्हाला ठाऊक आहे? बऱ्याच जणांना नसतं. जुलै 2020 मध्ये नियमच बदलला. गाडीला ट्यूबलेस टायर असेल, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर काढायचं साहित्य दिलेलं असेल, तर स्टेपनी दिली नाही तरी चालते. बूट मोठा मिळतो, गाडी हलकी होते. पण हे साहित्य खिळ्याच्या भोकाला चालतं. टायरची कूस दगडानं फाटली तर त्यातला चीक भरून काही होत नाही.

कुंभार्ली घाटात मी हे डोळ्यांनी बघितलं. चिपळूणहून परत येत होतो. वळणाच्या अलीकडं एक वर्षाचीही नसेल अशी गाडी उभी, आत दोन लहान मुलं, म्हातारी आई. टायरची कूस चिरलेली. साहेब फोन वर धरून रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेंज शोधत होते. म्हणाले, "कंपनीचा नंबर आहे काका, लावला की माणूस येतो." रेंजच नाही तर लावणार कुठं? त्यांना आणि त्यांच्या चाकाला माझ्या 'भंगारा'त घालून हेळवाकपर्यंत आणलं, तिथून पुढची सोय झाली. वाटेत त्यांनी मागं बघून विचारलं, "काका, एवढं लोखंड घेऊन कशाला फिरता?" मी काही बोललो नाही. त्यांचा दिवस आधीच वाईट गेला होता.

तर हे लोखंड कसलं, ते सांगतो.

मागच्या सीटच्या मागं पोत्यात गुंडाळून एक अख्खा एक्सल असतो. नुसतं बेरिंग घेऊन फिरणारी माणसं मी बघितली आहेत. त्याचा रस्त्यावर उपयोग शून्य. जुनी रिंग काढायला ती घासून छिन्नीनं फोडावी लागते, नवं बेरिंग दाबायला प्रेस लागते. घाटात प्रेस कुठून आणणार? म्हणून शाफ्ट, त्याच्यावर दाबलेलं बेरिंग, नवी रिंग, ब्रेकची प्लेट, असा सगळा जोड आधीच तयार करून ठेवायचा. शाफ्ट जुन्या बाजारातला चालतो. मात्र दाते झिजलेले नाहीत ना, कुठं चीर नाही ना, वाकलेला नाही ना, हे बघून घ्यायचा, आणि डावा-उजवा सारखाच असेल असं धरून न चालता आपल्या गाडीच्या शाफ्टाला लावून मापायचा. त्याच्यासोबत दोन ऑइल सील, लिटरभर 90 नंबरचं गिअर ऑइल, कारण शाफ्ट ओढला की आतलं तेल बाहेर येतं. ब्रेकची नळी सोडावी लागते म्हणून ब्रेक ऑइलची बाटली, आणि नंतर हवा काढायला बारकी नळी. प्रोपेलर शाफ्टचा एक जॉइंट क्रॉस, लॉकसकट. क्लचची केबल, फॅनबेल्ट, चाकाचे चार नट, एक ट्यूब, हातपंप, पाच लिटर पाणी. जॅक सगळ्यांकडं असतो, पण जॅकखाली घालायची फळी कुणाकडं नसते. मुरमात जॅक नुसता रुतत जातो. आणि गाडी उचलल्यावर हौसिंगखाली लाकडाचा ठोकळा दिल्याशिवाय मी कुणाला खाली घुसू देत नाही, मग तो कितीही शहाणा असो.

हे सगळं मिळून एका ज्वारीच्या पोत्याच्या निम्म्या वजनाचं पण नसेल.

यावर भाचा म्हणतो, "म्हणजे गाडी बिघडणार हे तुम्ही धरूनच चालता." होय, धरूनच चालतो. पावसाळा येणार हे धरूनच आपण छप्पर शाकारतो की नाही? तहान लागल्यावर विहीर खणायची रीत माझी नाही.

आणि बिघडली तेव्हाचंही सांगतो, लपवत नाही. नातीच्या बारशाला चिपळूणला निघालो होतो. घरची सगळी मंडळी आत, मांडीवर पाळण्याची दोरी, डब्यात घुगऱ्या. पाटणला चहाला थांबलो. थांबलो की मी चारी चाकांजवळून एक फेरी मारतो, मागच्या ड्रमला हाताची मागची बाजू लावतो. ट्रकवाले ढाब्यावर हेच करतात, त्यांच्याकडं बघून शिकलो. दोन्हीकडं सारखं गरम असेल तर ब्रेकचं गरम, चिंता नाही. एकच बाजू जास्त तापली असेल तर तिथं दुखणं आहे. त्या दिवशी डावा ड्रम चटका देत होता आणि उजवा नुसता कोमट. चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं, तर खडखड. फिरवलं तर जात्यात खडा आल्यासारखी घरघर.

आठ महिन्यांपूर्वीच बाहेर बदलून घेतलेलं बेरिंग ते. काढल्यावर बघितलं, कड्यावर घणाचे ठोके स्पष्ट दिसत होते.

मंडळींना झाडाखाली बसवलं. मी आणि धाकट्या मुलानं पुढच्या चाकांना दगड लावले आणि काम सुरू केलं. शाफ्ट सहज निघत नाही, तेव्हा ड्रम उलटा लावून नट सैल ठेवायचे आणि बाहेरच्या अंगाला झटके द्यायचे. पाच-सात झटक्यांत सुटला. ती बाजू आधीच उंच उचलली होती म्हणून तेल थोडंच गेलं. नवा जोड घातला, तेल भरायच्या भोकाच्या काठापर्यंत तेल आणलं, ब्रेकची हवा काढली. सगळं मिळून तीन तास. बारशाला दुपारचे जेवणाच्या पंगतीला पोचलो. नाव आम्ही पोचल्यावरच ठेवलं.

आता कुणी म्हणेल, बघा, बिघडलीच ना! बिघडली. पण कुंभार्लीच्या उतारावर बिघडली नाही, पाटणच्या चहाच्या टपरीवर बिघडली. घाट लागायच्या आधी. कुणाच्या अंगाला ओरखडा नाही, कुणाच्या दारात मदत मागायला जावं लागलं नाही, मागच्या गाड्यांची रांग लागली नाही. तीच नवी गाडी एका टायरसाठी आख्खी दुपार वळणावर उभी राहते, मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांचा जीव टांगणीला लावते, त्याला मात्र कुणी धोकादायक म्हणत नाही. तिचं वय कमी आहे ना!

माझं म्हणणं सरकारलाही आहे. फेरनोंदणीला फी वाढवा, माझी ना नाही. पण त्या पैशात तपासणी तरी अशी करा की जिच्यात मागची चाकं जॅकवर उचलून हलवून बघितली जातील, ड्रम काढून लायनर ओला आहे का कोरडा ते बघितलं जाईल. हॉर्न वाजतो आणि दिवे लागतात एवढ्यावर माणसांचा जीव ठरवू नका. आणि फक्त माझ्यासारख्या वीस वर्षं जुन्या गाडीचीच का? शाळेच्या पोरांना कोंबून नेणाऱ्या, वडापच्या, पाच वर्षांच्या असल्या तरी रोज दुप्पट ओझं वाहणाऱ्या गाड्यांची बेरिंगं माझ्या गाडीपेक्षा आधी म्हातारी होतात. कागदाची मुदत 5 वर्षं, पण ओव्हरलोड गाडीचं बेरिंग कागद वाचत नाही.

ओम्नी 1984 मध्ये आली, तेव्हा तिला नुसती मारुती व्हॅन म्हणायचे. 2019 मध्ये ती बनायची थांबली. पस्तीस वर्षं. एवढी वर्षं बनली म्हणून तर तिचे सुटे भाग अजून तालुक्याच्या दुकानात मिळतात, आणि ती खोलायला साधे पान्हे पुरतात. नव्या गाडीचा दिवा पेटला तर तो का पेटला हे सांगायलाही मशीन लागतं. ते मशीन वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते माझ्या वस्तीपासून 90 किलोमीटरवर आहे, एवढंच म्हणतो.

धाकटा मुलगा आता गाडी बघतो. दिवाळीला आणि पावसाळा संपल्यावर असं वर्षातून दोनदा ब्रीदर कोरतो, तेल बघतो, चाकं उचलून हलवतो. अर्ध्या दिवसाचं काम. सुरुवातीला कुरकुर करायचा, मित्र हसतात म्हणायचा. आता त्याचेच मित्र लांबच्या वाटेला निघताना आपापल्या गाड्या लिंबाखाली आणून लावतात आणि म्हणतात, "जरा चाक बघ की."

परवा खटाव तालुक्यातून एक जण गाडी विकत मागायला आला होता. त्याला दूध घालायला गाडी पाहिजे होती. सगळीकडून बघितली, खाली वाकून बघितली, चाकाच्या आतल्या अंगाला बोट फिरवून बोट हुंगलं. माणूस मला आवडला. पैशाचंही जमत आलं होतं. मग त्याची नजर सीटमागच्या पोत्याकडं गेली. सोडून बघितलं, शाफ्ट हातात घेतला, बेरिंग कानाजवळ नेऊन फिरवलं.

"हे सगळं धरून सांगितलंय का तुम्ही, का गाडीचंच?"

"गाडी द्यायची झाली तर हे धरूनच जाईल," मी म्हणालो. "पण आत्ता द्यायची नाही."

"का वो?"

"नातीच्या जावळाला चिपळूणला जायचंय."

त्यानं शाफ्ट पुन्हा पोत्यात गुंडाळला, सुतळी होती तशी बांधली, आणि चहा घेऊन गेला.